कुजण्यासाठी कोरलेलं लाकूड

गेलेल्या माणसाची आठवण राहावी म्हणून आपण जे काही करतो, त्यात टिकाऊपणाला फार मोल असतं. भिंतीवर तसबीर लावतो, देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेतो, शाळेला खोली बांधून देतो आणि दारावर संगमरवरी पाटी बसवतो. वस्तू जितकी टिकेल तितकी आठवण टिकेल, हे आपण मनोमन धरून चाललेलो असतो.

पॅसिफिक महासागरात न्यू आयर्लंड नावाचं एक बेट आहे. त्याच्या उत्तर भागात मृतांसाठी लाकडी शिल्पं कोरण्याची परंपरा आहे. एकेका शिल्पावर कित्येक आठवडे, कधी काही महिने काम चालतं. एकाच ओंडक्यातून माणूस, पक्षी, मासा, साप असे सगळे एकमेकांत गुंतलेले बाहेर काढतात. त्यावर लाल, पांढऱ्या, काळ्या रंगांची बारीक नक्षी भरतात. मग ते शिल्प लोकांसमोर मांडतात. काही तास, फार तर काही दिवस. त्यानंतर ते रानात नेऊन टाकतात किंवा जाळून टाकतात. रानात टाकलेलं लाकूड पावसात भिजतं, त्याला वाळवी लागते, आणि ते मातीत मिसळून जातं.

या शिल्पांना ‘मलांगन’ म्हणतात. ज्या समारंभात ती मांडली जातात, त्यालाही मलांगनच म्हणतात. इतक्या कष्टानं घडवलेली वस्तू टाकून का द्यायची? आणि ती टाकून दिल्यावर आठवण राहणार कशी? मलांगनकडे जपण्याची वस्तू म्हणून पाहिलं तर हे कोडं सुटत नाही. माणूस गेल्यावर मागच्यांनी पार पाडायचं एक काम म्हणून पाहिलं, तर सुटतं.

बेट आणि तिथली कुळं

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला न्यू गिनी हे प्रचंड बेट आहे. तिथपासून पूर्वेला फिजीपर्यंत पसरलेल्या द्वीपसमूहांना मिळून मेलानेशिया म्हणतात. न्यू आयर्लंड त्यातलंच, आज पापुआ न्यू गिनी या देशाचा भाग. विषुववृत्ताच्या थोडं दक्षिणेला असलेलं हे बेट फार लांब आणि फार चिंचोळं आहे. लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, तर रुंदी कित्येक ठिकाणी जेमतेम दहा किलोमीटर. उत्तर टोकाला काविएंग हे मुख्य गाव. ईशान्य किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर ताबार नावाची छोटी बेटं आहेत. मलांगन मुळात तिथून आलं, असं न्यू आयर्लंडचे लोक सांगतात.

पुढचं सगळं समजण्यासाठी इथल्या समाजाची एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. इथे मूल आईच्या कुळाचं असतं. म्हणजे बाप एका कुळाचा आणि त्याची मुलं दुसऱ्या कुळाची. लग्न आपल्या कुळाबाहेरच करायचं असतं, त्यामुळे प्रत्येक घरात किमान दोन कुळं नांदतात. मुलं लहानपणापासून बापाच्या जमिनीत राबतात, त्याच्या झाडांचे नारळ खातात. पण ती जमीन बापाच्या कुळाची असते, मुलांची नव्हे.

बाप जिवंत असेपर्यंत याची अडचण नसते. दोन कुळांना जोडणारा दुवा तोच असतो. तो गेला की दुवाच तुटतो. मुलांनी त्या जमिनीत पुढे राबायचं की नाही? त्यानं घेतलेली डुकरं कोण परत करणार? त्यानं इतरांना दिलेलं कोण मागणार? अशी कितीतरी नाती आणि देणीघेणी एकाच वेळी अधांतरी होतात. दुःख तर असतंच. पण दुःखाबरोबर हा हिशेबही मागच्यांच्या पदरात पडतो.

अंत्यविधी लगेच, मलांगन उशिरा

दफन किंवा दहन मृत्यूनंतर लगेच होतं. मलांगनला मात्र कित्येक महिने, बऱ्याचदा काही वर्षं लागतात. कारण अगदी व्यवहारी आहे. समारंभाला आसपासच्या गावांतून शेकडो माणसं येणार, त्यांना जेवू घालायचं. त्यासाठी डुकरं पोसावी लागतात, अळूचे कंद, रताळी, कोनफळासारखे कंद यांचे मळे आधीच लावावे लागतात, शिंपल्यांच्या मण्यांच्या माळा जमवाव्या लागतात. या माळा इथलं परंपरागत चलन आहेत. लहान चकत्या घासून, भोकं पाडून त्या दोऱ्यात ओवलेल्या असतात.

खर्च इतका मोठा असतो की बहुतेक वेळा एकाच मलांगनात अनेक मृतांचा समारोप होतो. तोपर्यंत जवळचे नातेवाईक सुतकाचे निर्बंध पाळतात. काही पदार्थ खायचे नाहीत, काही जागी जायचं नाही, केसांबाबतही नियम असतात. मलांगन झालं की हे निर्बंध सुटतात. पूर्वी मुलग्यांची सुंताही बऱ्याचदा याच काळात होई. म्हणजे एकीकडे जुन्या माणसांना निरोप आणि दुसरीकडे नव्या पिढीला पुरुषांच्या जगात प्रवेश, दोन्ही एकाच समारंभात.

ओंडक्यापासून शिल्पापर्यंत

शिल्पासाठी हलकं आणि मऊ लाकूड लागतं. ज्या झाडाचं लाकूड त्यासाठी मुख्यतः वापरलं जातं, ते आपल्या चांगलं ओळखीचं आहे. शास्त्रीय नाव अल्स्टोनिया स्कोलॅरिस, म्हणजे आपली सातवीण किंवा सप्तपर्णी. पावसाळा सरला की पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर जिचा उग्र गोड वास संध्याकाळी दरवळतो, तीच ही. तिचं लाकूड कोरायला सोपं, पण पाण्यापावसात लवकर कुजणारं. घर बांधायला त्याचा उपयोग नाही. मलांगनसाठी मात्र हे दोन्ही गुण कामाचे ठरतात.

झाड पाडून ओंडका गावात आणतात आणि कुंपणाच्या आड ठेवतात. कोरीवकाम या आडोशातच चालतं. पूर्वी बायकांना आणि दीक्षा न झालेल्या मुलांना तिथे मज्जाव असे. कारागीर काम चालू असेपर्यंत पथ्यं पाळतो. जुन्या काळी दगडाच्या आणि शिंपल्याच्या धारेची हत्यारं होती. बारीक पोकळ्या करायला निखाऱ्यांनी लाकूड जाळत, आणि पृष्ठभाग गुळगुळीत करायला शार्क माशाची खरखरीत कातडी घासत. एकोणिसाव्या शतकात युरोपीय जहाजांबरोबर लोखंड आलं आणि कोरीवकाम आणखी नाजूक झालं.

मलांगनची ओळख म्हणजे त्यातली आरपार जाळी. गाभ्यात एक आकृती असते आणि तिच्याभोवती दांड्या, पिसं, माशांचे पर यांचा पिंजरा. सगळं एकाच लाकडातलं. हात किंवा पंख असे काही भाग मात्र वेगळे करून जोडलेले असतात. मोठा मासा माणसाला गिळतो आहे, धनेश पक्ष्यानं चोचीत साप धरला आहे, अशा आकृती वारंवार दिसतात. काही शिल्पं उभ्या खांबासारखी, काही आडव्या फळीसारखी. वेलींच्या विणलेल्या गोल चकत्याही मलांगनच.

रंग आसपासच मिळतात. पोवळं जाळून केलेला चुना पांढऱ्यासाठी, तांबडी माती लालसाठी, कोळसा काळ्यासाठी. व्यापाऱ्यांनी कपड्यांची नीळ आणली, तेव्हा तीही वापरात आली. डोळ्यांच्या जागी समुद्री गोगलगायीच्या शंखाचं झाकण बसवतात. गोगलगाय आत शिरली की शंखाचं तोंड ज्यानं बंद होतं, ते हे झाकण. त्याच्या मधोमध हिरवट, चकाकता ठिपका असतो. हे झाकण बसवलं की शिल्प समोरच्याकडे रोखून पाहू लागतं. स्थानिक समजुतीप्रमाणे मृताची प्राणशक्ती आता त्या लाकडात उतरलेली असते.

मालकी लाकडाची की आकृतीची?

मलांगनची यंत्रणा ज्यावर चालते तो भाग आता येतो. कोणीही उठून कोणतंही मलांगन कोरू शकत नाही. प्रत्येक आकृतिबंधाला नाव असतं आणि तो करवून घेण्याचा हक्क ठरावीक माणसाकडे किंवा कुळाकडे असतो. एखाद्याकडे पूर्ण शिल्पाचा हक्क असतो, एखाद्याकडे त्यातल्या एकदोन आकृत्यांचाच. ज्याच्याकडे हक्क आहे तो बहुधा स्वतः कोरत नाही. तो कारागिराला बोलावतो, आकृती तोंडी वर्णन करून सांगतो, काम चालू असेपर्यंत त्याला जेवू घालतो आणि मोबदला देतो.

हे हक्क देता येतात, विकता येतात. घेणारा डुकरं आणि शिंपल्यांच्या माळा देतो. हस्तांतर होतं ते समारंभात, सगळ्यांच्या देखत. काही वेळा पूर्ण हक्क विकला जातो. मग विकणाऱ्या कुळाला ती आकृती पुन्हा करता येत नाही. आपल्याकडे हक्क नसलेली आकृती कुणी मांडली, तर जमलेल्यांतला खरा हक्कदार तिथेच आक्षेप घेतो आणि भरपाई मागतो.

याचा अर्थ असा की इथे संपत्ती लाकडी शिल्पात नसून आकृतीत आहे, आणि आकृती राहते ती माणसांच्या डोक्यात. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ मॅरिलिन स्ट्रॅथर्न यांनी 2001 साली मलांगनची तुलना आधुनिक पेटंटशी केली ती यामुळेच. कागदावर एकही नियम न लिहिता या बेटावर आकृत्यांच्या मालकीची काटेकोर व्यवस्था उभी होती.

मलांगनच्या दिवशी काय घडतं

ठरलेल्या दिवशी पाहुणे जमतात. गायन आणि नाच होतात. तापलेल्या दगडांवर पानांत गुंडाळून डुकरं आणि कंद शिजवलेले असतात. मग कुंपण काढतात. पानांनी सजवलेल्या मांडवात उभी असलेली रंगीत शिल्पं सगळ्यांना एकदम दिसतात. मृतांची नावं घेतली जातात. जे हक्क विकत घेणार आहेत, ते शिल्पासमोर माळा ठेवतात. डुकरांचं वाटप होतं, जुनी देणी फिटतात. बापाच्या जमिनीत पुढेही राबू इच्छिणारी मुलं बापाच्या कुळाला डुकरं देतात, आणि तो व्यवहार सगळ्यांच्या समोर होतो.

हे आपल्याकडच्या वारस नोंदीशी ताडून पाहता येईल. खातेदार वारला की वारस तलाठ्याकडे अर्ज करतात. फेरफाराची नोंद होते, नोटीस लागते, हरकत घेण्यासाठी मुदत मिळते. कुणाची हरकत नसेल तर नोंद प्रमाणित होते आणि सातबाऱ्यावर नवं नाव चढतं. मलांगनमध्येही हेच टप्पे आहेत. शिल्प उघड करणं ही नोटीस. जमलेल्या कुळांनी ते पाहणं ही हरकतीची मुदत. माळा आणि डुकरं स्वीकारली जाणं म्हणजे नोंद प्रमाणित होणं. फरक इतकाच की आपली नोंद कागदावर जाते, त्यांची नोंद शेकडो साक्षीदारांच्या स्मरणात.

मग शिल्प ठेवत का नाहीत?

आता मूळ कोड्याकडे येऊ. माळा ठेवल्या की शिल्प ‘मारलं’ गेलं असं मानतात. त्यातली प्राणशक्ती मोकळी झाली, मृत खऱ्या अर्थानं निघून गेला आणि त्याचा वाटा जिवंतांमध्ये वाटला गेला. उरलं ते नुसतं लाकूड. ते जवळ बाळगणं म्हणजे जाऊ घातलेल्याला अडवून ठेवण्यासारखं.

याला एक व्यवहारी बाजूही आहे. शिल्प कायम उभं राहिलं असतं, तर ज्याला हक्क नाही तोही निवांत बघून त्याची नक्कल करू शकला असता. ते नष्ट झालं की आकृती पुन्हा घडवण्यासाठी ज्यानं रीतसर हक्क घेतला त्याच्या स्मरणाकडेच वळावं लागतं. म्हणून हक्क घेणारा ते थोडे तास फार लक्ष देऊन पाहतो. पुढच्या वेळी, कदाचित वीस-पंचवीस वर्षांनी, तो आठवणीतून कारागिराला सांगेल. त्यात थोडाफार बदल होईल. त्यामुळेच एका नावाची दोन मलांगनं तंतोतंत सारखी क्वचितच सापडतात.

लंडन विद्यापीठातल्या अभ्यासक सुझान क्यूख्लर यांनी 1980च्या दशकापासून या विषयाचा अभ्यास केला. वस्तू नष्ट होण्यातून आठवण जोमदार होते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. त्याआधी हॉर्टेन्स पाउडरमेकर या अमेरिकन अभ्यासिकेनं 1929-30 मध्ये न्यू आयर्लंडमधल्या लेसू गावात राहून मलांगनचे समारंभ पाहिले आणि 1933 साली प्रकाशित झालेल्या पुस्तकात त्यांचं तपशीलवार वर्णन केलं.

चौकट : मलांगन थोडक्यात

- कुठे : न्यू आयर्लंडचा उत्तर भाग आणि ताबार बेटं, पापुआ न्यू गिनी
- कशासाठी : मृतांचा अखेरचा निरोप, सुतकाची समाप्ती, देणीघेणी आणि जमिनीच्या हक्कांचा निवाडा
- कधी : मृत्यूनंतर काही महिने ते काही वर्षांनी
- साहित्य : सातविणीचं लाकूड, चुना, तांबडी माती, कोळसा, शंखाची झाकणं
- हक्क : आकृतीवर, लाकडावर नव्हे, डुकरं आणि शिंपल्यांच्या माळा देऊन हस्तांतर
- शेवट : काही तास किंवा दिवसांच्या मांडणीनंतर शिल्प रानात टाकणं, जाळणं किंवा परक्यांना विकणं

सगळ्याच वस्तू टाकून देत नाहीत

न्यू आयर्लंडमध्ये मृतांशी निगडित सगळ्या वस्तूंचं असंच होतं असं नाही. ‘तातानुआ’ नावाचे मुखवटे मलांगन समारंभातल्या नाचासाठी घालतात. त्यांच्या डोक्यावर तंतूंचा उंच तुरा असतो आणि दोन्ही बाजूंची सजावट मुद्दाम वेगवेगळी केलेली असते. सुतकात केस कापण्याच्या जुन्या पद्धतीची ती आठवण. हे मुखवटे ठेवून पुन्हा वापरता येतात.

बेटाच्या मध्य भागात ‘उली’ नावाच्या दणकट मूर्ती करत. त्यांना दाढी आणि स्तन दोन्ही असतात. बळ आणि पोषण ही दोन्ही कर्तव्यं ज्या पुढाऱ्यानं निभावली, त्याच्या सामर्थ्याची ती खूण मानली जाते. उली टाकून देत नसत. पुरुषांच्या घरात जपून पुढच्या समारंभात पुन्हा काढत. दक्षिण भागात खडूच्या मऊ दगडाच्या ‘कुलाप’ या छोट्या मूर्ती होत्या. सुतक संपेपर्यंत मृताचा जीव त्यात थांबतो असं मानत, आणि मुदत संपली की त्या फोडून टाकत.

एकाच बेटावरच्या या तीन तऱ्हा शेजारी ठेवल्या की ठेवणं आणि टाकणं यांतला फरक कळतो. ज्या वस्तूत एका माणसाचा जीव उतरलेला असतो, ती त्याच्याबरोबर जाते. जी एका पदाचं किंवा सामर्थ्याचं प्रतीक आहे, ती राहते.

कुजायचं होतं ते काचेच्या पेटीत

असं असूनही युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत मलांगन शिल्पांची संख्या सुमारे पाच हजार असावी, असा क्यूख्लर यांचा अंदाज आहे. बर्लिन, श्टुटगार्ट, ब्रेमेन, बासेल, लंडन अशा शहरांत ती मोठ्या संख्येनं आहेत. टाकून द्यायच्या वस्तू तिथे इतक्या पोचल्या कशा?

1884 साली जर्मनीनं या भागावर ताबा मिळवला आणि बेटाला न्यू मेक्लेनबर्ग असं नाव दिलं. व्यापारी, अधिकारी, मिशनरी येऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर युरोपीय संग्रहालयांसाठी वस्तू जमवणारेही. 1907 ते 1909 या काळात जर्मन नौदलाची एक संशोधन मोहीम इथे काम करत होती. तिनंही बऱ्याच वस्तू नेल्या. समारंभ आटोपल्यावर शिल्पाचं काम संपलेलं असे. ते गावातून जाणं महत्त्वाचं होतं. रानात गेलं काय आणि जहाजावर चढलं काय. परक्याला विकणं हा टाकून देण्याचाच एक प्रकार झाला, शिवाय त्यातून पैसे आणि लोखंडी हत्यारं मिळत. म्हणून लोकांनी ती विकली. हक्क मात्र विकले नाहीत. ते गावातच राहिले.

न्यू आयर्लंडच्या शिल्पांनी युरोपीय कलावंतांना भारून टाकलं. फ्रेंच लेखक आंद्रे ब्रेतों यांच्या संग्रहात उली मूर्ती होती. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांनी ब्रिटिश म्युझियममध्ये मलांगन पाहिली. एका आकाराच्या आत दुसरा आकार, ही कल्पना तिथून मिळाल्याचं त्यांनी मान्य केलं आहे. त्यांनी पाहिला तो मलांगनचा आकार. त्यामागची हक्कांची व्यवस्था पाश्चात्त्य वाचकांना नीट कळायला आणखी बरीच वर्षं जावी लागली.

आज काय उरलं आहे

1914 नंतर जर्मनांची जागा ऑस्ट्रेलियानं घेतली आणि 1975 साली पापुआ न्यू गिनी स्वतंत्र झाला. आता बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत. काही मिशनऱ्यांनी जुन्या विधींना विरोध केला, तरी समारंभ थांबले नाहीत. आज प्रार्थना आणि डुकरांचं वाटप एकाच दिवशी होतं. कोरणाऱ्यांच्या हातात पोलादी हत्यारं आहेत, रंग दुकानातले आहेत. काही ठिकाणी लाकडी शिल्पाऐवजी सिमेंटचा कबरदगड बसवूनही सुतकाचा शेवट करतात. कुळांची देणीघेणी आणि जमिनीचे हक्क यांचा निवाडा मात्र अजूनही मृतांच्या नावानं भरणाऱ्या या मेळाव्यांत होतो.

त्यामुळे मलांगनच्या बाबतीत ‘कला वाचवा’ या घोषणेचा अर्थ नीट तपासून घ्यावा लागतो. लाकूड कुजलं तर इथे काही बुडत नाही. ते कुजावं हीच अपेक्षा होती. एखादा हक्कदार म्हातारा आपली आकृती कुणालाच न देता गेला, तर मात्र ती कायमची बुडते. कितीही चांगली काचेची पेटी ती परत आणू शकत नाही, कारण पेटीत आकृती असते पण ती घडवण्याचा हक्क नसतो.

परदेशातल्या एखाद्या संग्रहालयात कधी मलांगनसमोर उभे राहिलात, तर पाटीवर ते कुणी आणि कोणत्या साली मिळवलं हे बहुधा लिहिलेलं असेल. ज्या मृतासाठी ते कोरलं आणि ज्याच्या हक्कानं ते उभं राहिलं, त्यांची नावं बहुधा नसतील. संग्रहालयाला ती विचारा. उत्तर मिळो न मिळो, त्या शिल्पाबद्दल विचारण्यासारखा पहिला प्रश्न तोच आहे.